जुन्या हार्डवेअर पोर्टांची ओळख व नोंदणी : ऑपरेटिंग सिस्टीमच्या कार्यपद्धतीचा एक अभ्यास

सारांश

यूएसबीपूर्व काळातील सिरीयल, पॅरलल आणि कीबोर्ड पोर्ट स्वतःची ओळख स्वतः सांगू शकत नाहीत. असा पोर्ट संगणकात आहे किंवा नाही, असल्यास कोणत्या पत्त्यावर आहे आणि त्याला कोणते नाव द्यावयाचे, हे ठरविण्याची जबाबदारी ऑपरेटिंग सिस्टीमवर येऊन पडते. ही जबाबदारी ती दोन मार्गांनी पार पाडते : फर्मवेअरने दिलेल्या माहितीवर विश्वास ठेवून, अथवा पोर्टाची प्रत्यक्ष तपासणी करून. पहिल्या मार्गात माहिती चुकीची असण्याचा, तर दुसऱ्या मार्गात तपासणीनेच यंत्रणा बिघडण्याचा धोका असतो. प्रस्तुत लेखात या दोन्ही मार्गांचे स्वरूप, त्यांच्या मर्यादा आणि लिनक्स व विंडोज या प्रणालींमधील नोंदणीची पद्धत यांचे विवेचन केले आहे.

बीजसंज्ञा : सिरीयल पोर्ट, पॅरलल पोर्ट, बायोस, प्लग अँड प्ले, एसीपीआय, लिनक्स, विंडोज.

१. प्रस्तावना

आजचा वापरकर्ता पेनड्राइव्ह संगणकास जोडतो आणि काही क्षणांत तिचे चिन्ह पडद्यावर उमटते. या सहजतेमागे एक साधे तत्त्व आहे. यूएसबी उपकरण जोडले जाताच आपला निर्माता कोण, आपला प्रकार कोणता, ही माहिती विचारल्याबरोबर सांगते. वर्गात हजेरी घेताना नाव पुकारावे आणि विद्यार्थ्याने 'हजर' म्हणावे, तसाच हा व्यवहार आहे.

१९८१ साली आयबीएम कंपनीने आपला वैयक्तिक संगणक बाजारात आणला, तेव्हा ही सोय नव्हती. त्या संगणकाबरोबर रूढ झालेले सिरीयल आणि पॅरलल पोर्ट नाव पुकारल्यावर उत्तर देत नाहीत, कारण उत्तर देण्याची यंत्रणाच त्यांच्यात नाही. तरीही हे पोर्ट नाहीसे झालेले नाहीत. औद्योगिक यंत्रे, प्रयोगशाळेतील मोजमापाची उपकरणे, सर्व्हरची देखभाल आणि आभासी संगणक अशा अनेक ठिकाणी, विशेषतः सिरीयल पोर्ट, आजही वापरात आहे. उपकरण चांगले, केबल चांगली, तरीही 'पोर्ट सापडत नाही' असा संदेश येतो, तेव्हा दोष नेमका कोठे शोधावा हे कळण्यासाठी ऑपरेटिंग सिस्टीम पोर्ट कसा ओळखते आणि त्याची नोंद कशी करते, हे समजून घेणे आवश्यक ठरते.

या लेखाचा मुख्य मुद्दा असा की, जुन्या पोर्टांच्या बाबतीत नाव असणे, नोंद असणे आणि प्रत्यक्ष हार्डवेअर असणे या तीन स्वतंत्र गोष्टी आहेत. या तिन्हींची गल्लत झाली की अडचणी निर्माण होतात.

२. पोर्ट, पत्ता आणि इंटरप्ट

'पोर्ट' हा शब्द दोन अर्थांनी वापरला जातो. संगणकाच्या मागील बाजूस असलेला नऊ किंवा पंचवीस पिनांचा जोड हा एक अर्थ. दुसरा अर्थ अधिक महत्त्वाचा आहे. इंटेलच्या एक्स८६ कुळातील प्रोसेसरला मेमरीव्यतिरिक्त ६५,५३६ पत्त्यांचा एक स्वतंत्र प्रदेश उपलब्ध असतो. या प्रदेशातील प्रत्येक पत्त्यासही पोर्ट म्हणतात. प्रोसेसर ठरावीक पत्त्यावर एक बाइट लिहितो किंवा तेथून वाचतो. त्या पत्त्यावर एखादी चिप असल्यास ती प्रतिसाद देते.

हे पत्ते षोडशमान पद्धतीत, म्हणजे ० ते ९ या अंकांनंतर ए ते एफ ही अक्षरे अंकांप्रमाणे वापरून लिहिले जातात. या लेखातील पोर्टांचे पत्ते आणि चिपला पाठविलेली मूल्ये याच पद्धतीत दिली आहेत. आयबीएमच्या मांडणीत पहिल्या सिरीयल पोर्टाचा पत्ता ३एफ८, दुसऱ्याचा २एफ८ असा ठरला. पुढे तिसऱ्यासाठी ३ई८ आणि चौथ्यासाठी २ई८ हे पत्ते रूढ झाले. पॅरलल पोर्टासाठी ३७८, २७८ आणि एकरंगी पडद्याच्या कार्डावरील ३बीसी हे पत्ते वापरले गेले. कीबोर्ड नियंत्रकासाठी ६० आणि ६४ हे दोन पत्ते ठरले.

पत्त्याबरोबर दुसरी बाब म्हणजे इंटरप्ट, अर्थात प्रोसेसरचे लक्ष वेधून घेण्यासाठी चिपने दिलेला संकेत. पहिला व तिसरा सिरीयल पोर्ट चार क्रमांकाची, तर दुसरा व चौथा पोर्ट तीन क्रमांकाची इंटरप्ट-रेषा वापरत असे. जुन्या आयएसए बसवर एकच रेषा दोन कार्डांनी एकाच वेळी वापरणे सामान्यतः शक्य नव्हते. पहिल्या पोर्टावर माऊस आणि तिसऱ्या पोर्टावर मोडेम जोडले असता मोडेम सुरू होताच माऊस थिजून जाण्याचा अनुभव त्या काळी अनेकांना येत असे, त्याचे कारण हेच.

यातून एक गोष्ट स्पष्ट होते. एखादा पोर्ट 'माहीत असणे' म्हणजे त्याचा पत्ता, त्याची इंटरप्ट-रेषा आणि त्यामागील चिपचा प्रकार या तीन गोष्टी माहीत असणे होय. आणि या तिन्हींपैकी एकही गोष्ट पोर्ट स्वतःहून सांगत नाही.

३. पहिला मार्ग : बायोसची साक्ष

संगणक सुरू होताच सर्वप्रथम बायोस हा कायमस्वरूपी चिपमध्ये साठविलेला प्रोग्रॅम चालतो. आयबीएमच्या बायोसने ठरलेल्या पत्त्यांवर सिरीयल व पॅरलल पोर्ट शोधण्याची आणि सापडलेल्या पोर्टांचे पत्ते मेमरीतील एका निश्चित जागी लिहून ठेवण्याची प्रथा पाडली. षोडशमान ४०० या मेमरी पत्त्यापासून चार सिरीयल पोर्टांचे पत्ते आणि त्यालगत ४०८ पासून पॅरलल पोर्टांचे पत्ते अशी ही छोटीशी यादी असे. ज्या जागी शून्य, तेथे पोर्ट नाही असे समजावयाचे. डॉस प्रणालीतील कार्यक्रम याच यादीवर विसंबून असत.

ही यादी उपयुक्त असली तरी तिच्यात एक वैशिष्ट्य दडलेले होते. बायोस पॅरलल पोर्ट शोधताना प्रथम ३बीसी, नंतर ३७८ आणि शेवटी २७८ या क्रमाने पाही, आणि जो प्रथम सापडेल त्यास 'एलपीटी१' हे नाव मिळे. त्यामुळे ३७८ या पत्त्यावरील पोर्ट एका संगणकात एलपीटी१, तर एकरंगी कार्ड असलेल्या दुसऱ्या संगणकात एलपीटी२ ठरे. पोर्ट तोच, पत्ता तोच. केवळ शेजारी बदलल्यामुळे नाव बदलले. नाव ही पोर्टाची अंगभूत ओळख नसून यादीतील त्याचे स्थान आहे, हा धडा येथेच मिळतो.

शिवाय, बायोसची ही यादी संगणक सुरू होतानाच्या क्षणाची असे. तिच्यात पत्ता होता, पण इंटरप्ट-रेषा नव्हती आणि चिपचा प्रकारही नव्हता. अधिक माहिती हवी असल्यास ऑपरेटिंग सिस्टीमला स्वतः तपासणी करावी लागे.

४. दुसरा मार्ग : प्रत्यक्ष तपासणी

सिरीयल पोर्टामागे 'यूएआरटी' या प्रकारची चिप असते. आयबीएमच्या पहिल्या संगणकासाठी ८२५० ही चिप वापरली गेली. तिच्यानंतर १६४५०, १६५५० आणि १६५५०ए या सुधारित चिपा आल्या. दिलेल्या पत्त्यावर अशी चिप आहे काय आणि असल्यास कोणती, हे लिनक्सचा ड्रायव्हर कसे ओळखतो ते पाहणे उद्बोधक आहे.

पहिली पायरी अस्तित्वाची. चिपमधील एका विशिष्ट रजिस्टरमध्ये ड्रायव्हर शून्य लिहितो आणि ते परत वाचतो; नंतर ०एफ लिहितो आणि पुन्हा वाचतो. दोन्ही वेळा योग्य मूल्य परत आले तर चिप असण्याची शक्यता आहे. पत्त्यावर काहीच नसेल तर बहुधा एफएफ हे मूल्य वाचले जाते.

येथे एक सूक्ष्म अडचण संभवते. रिकाम्या पत्त्यावर लिहिलेले मूल्य बसच्या तारांवर क्षणभर रेंगाळू शकते आणि लगेच वाचल्यास तेच परत मिळते. चिप नसतानाही ती असल्याचा भास होतो. यावर उपाय म्हणून लिनक्स लिहिणे आणि वाचणे यांच्यामध्ये ८० या निरुपद्रवी पत्त्यावर एफएफ हे मूल्य लिहितो, जेणेकरून तारांवरील जुने मूल्य पुसले जावे. ओळीच्या आकाराने किरकोळ वाटणारी ही एक ओळ नसती, तर नसलेल्या पोर्टांची नोंद होण्याचा संभव राहिला असता.

दुसरी पायरी वर्तनाची. यूएआरटी चिपमध्ये अंतर्गत परतफेरीची सोय असते. ती चालू केल्यावर चिपच्या बाहेर जाणारे संकेत बाहेर न जाता आतल्या आत परत फिरतात. ड्रायव्हर दोन ठरावीक संकेत चालू करतो आणि स्थितिदर्शक रजिस्टरमध्ये नेमके तेच दोन उमटतात काय हे पाहतो. अपेक्षित मूल्य ९० असे असते. केवळ मेमरीसारखे वागणारे एखादे दुसरे हार्डवेअर या परीक्षेत उत्तीर्ण होऊ शकत नाही.

तिसरी पायरी प्रकाराची. ड्रायव्हर चिपमधील साठवण-रांग चालू करण्याची आज्ञा देतो आणि दोन बिटांचे उत्तर वाचतो. दोन्ही बिट एक असतील तर चिप १६५५०ए, म्हणजे सोळा बाइटांची रांग नीट चालणारी. दोनपैकी केवळ वरचा बिट एक असेल तर ती १६५५०, जिची रांग सदोष होती. दोन्ही शून्य असतील तर चिप जुनी आहे. मग एका रिकाम्या रजिस्टरमध्ये ए५ व ५ए ही मूल्ये लिहून ती टिकतात काय हे पाहून १६४५० आणि मूळ ८२५० यांत फरक केला जातो.

हा फरक केवळ नावापुरता नाही. सेकंदास १,१५,२०० बिट या वेगाने आणि प्रत्येक बाइटामागे दहा बिट धरल्यास सुमारे ८७ मायक्रोसेकंदांत एक नवा बाइट येतो. रांग नसलेल्या चिपला तेवढ्याच अवधीत प्रोसेसरने लक्ष न दिल्यास आधीचा बाइट नष्ट होतो. सोळा बाइटांची रांग असल्यास ही मुदत एक मिलिसेकंदाहून अधिक होते. प्रकार चुकीचा ओळखला गेल्यास एक तर माहिती गळते, किंवा चांगल्या चिपचा लाभ मिळत नाही.

पॅरलल पोर्टाची तपासणीही याच धर्तीवर होते. नियंत्रक आणि माहिती रजिस्टरांत ५५, एए यांसारखे आकृतिबंध लिहून ते परत वाचले जातात. कीबोर्ड नियंत्रकाला ६४ या पत्त्यावर एए ही स्वयंपरीक्षेची आज्ञा दिली असता तो ६० या पत्त्यावर ५५ असे उत्तर देतो. सर्वांचे तत्त्व एकच : उत्तर देऊ न शकणाऱ्या वस्तूस अशी कृती करावयास लावणे की, तिच्या वर्तनावरून तिची ओळख पटावी.

५. तपासणीतील धोके

अशी तपासणी निर्धोक असती, तर पुढील सर्व खटाटोपाची गरज पडली नसती. परंतु अनोळखी पत्त्यावर काही लिहिणे म्हणजे अंधाऱ्या खोलीत दिसेल ते बटण दाबून पाहण्यासारखे आहे. या संदर्भात चार उदाहरणे विचारात घेता येतील.

पहिले उदाहरण पत्त्यांच्या संघर्षाचे. जुनी आयएसए कार्डे पत्त्यातील केवळ दहा बिट तपासत असत. म्हणजे त्यांच्या दृष्टीने जगात १,०२४च पत्ते होते. आयबीएमच्या ८५१४/ए या चित्र-कार्डाने आणि त्याच धर्तीच्या एस३ चिप असलेल्या कार्डांनी ४२ई८ यांसारखे पत्ते वापरले. या पत्त्याचे शेवटचे दहा बिट घेतले तर २ई८ हाच आकडा मिळतो, आणि तो चौथ्या सिरीयल पोर्टाचा पत्ता आहे. परिणामी चौथा सिरीयल पोर्ट आणि पडदा यांच्यात संघर्ष होत असे.

दुसरे उदाहरण एनई२००० प्रकारच्या नेटवर्क कार्डांचे. त्यांच्या एका पत्त्यावरून केवळ वाचन केले तरी कार्ड पुनःप्रारंभ होत असे. भलत्याच उपकरणाच्या शोधात निघालेला ड्रायव्हर या पत्त्याला स्पर्श करी आणि संपूर्ण संगणक गोठून जाई. ठरावीक पत्त्यांवर तपासणी करू नये, असे सांगणारी 'रिझर्व्ह' ही सूचना लिनक्समध्ये याच कारणाने उपलब्ध करण्यात आली.

तिसरे उदाहरण विंडोज एनटी कुळातील आहे. संगणक सुरू होताना या प्रणालीचा शोधक प्रोग्रॅम सिरीयल पोर्टावर माऊस आहे काय हे पाहण्यासाठी पोर्टाच्या नियंत्रण-रेषा हलवीत असे. पोर्टावर माऊस असल्यास तो 'एम' हे अक्षर पाठवून प्रतिसाद देई. परंतु त्याच पोर्टावर यूपीएस जोडलेला असेल तर हीच हालचाल त्यास वीज बंद करण्याची आज्ञा वाटू शके. वीज गेल्यावर संगणक वाचविण्यासाठी बसविलेले उपकरण संगणक सुरू होतानाच त्याची वीज तोडी. यासाठी प्रारंभ-संचिकेत सिरीयल माऊसचा शोध टाळण्याची खास सूचना मायक्रोसॉफ्टला द्यावी लागली.

चौथे उदाहरण अधिक बोलके आहे. सिरीयल पोर्टावर जोडलेला जीपीएस संग्राहक स्थानाची माहिती अखंड पाठवीत असतो. विंडोजच्या काही आवृत्त्या या माहितीच्या प्रवाहास माऊसचा प्रतिसाद समजत आणि त्याची नोंद माऊस म्हणून करीत. त्यानंतर पडद्यावरील बाण कोणी हात न लावता सैरावैरा धावू लागे. येथे हार्डवेअर निर्दोष होते, केबल निर्दोष होती. चुकली होती ती केवळ नोंद.

विंडोज ९५ या प्रणालीने तपासणीतील धोका गृहीत धरूनच आपली रचना केली होती. शोधकार्याची हकीकत ती डिस्कवर लिहून ठेवीत असे. एखाद्या तपासणीत संगणक गोठला आणि वापरकर्त्याने तो बंद करून पुन्हा सुरू केला, तर प्रणाली ही नोंद वाचून घातक ठरलेली तपासणी वगळीत असे. आपल्या कृतीने आपलाच अंत होऊ शकतो, हे मान्य करून केलेली ही व्यवस्था होती.

६. साक्षीचे नवे स्वरूप : प्लग अँड प्ले आणि एसीपीआय

या अडचणींवरील उत्तर म्हणून १९९३ साली इंटेल व मायक्रोसॉफ्ट यांनी आयएसए बससाठी प्लग अँड प्ले हे मानक मांडले. त्यातील युक्ती लक्षणीय आहे. संगणक प्रथम २७९ या पत्त्यावर बत्तीस बाइटांची ठरावीक मालिका लिहितो. हा पत्ता मुद्दाम निवडलेला आहे : तो पॅरलल पोर्टाच्या स्थितिदर्शक रजिस्टरचा असून तेथे केवळ वाचन होत असल्याने लिहिलेल्या मजकुराने कोणाचेही नुकसान होत नाही. ही मालिका ओळखणारी कार्डे जागी होतात.

प्रत्येक कार्डाजवळ ७२ बिटांचा ओळख-क्रमांक असतो. संगणक एकेक बिट विचारत जातो. ज्या कार्डाचा तो बिट एक आहे ते बसवर ५५ आणि एए ही उत्तरे देते. ज्याचा बिट शून्य आहे ते गप्प राहून ऐकते, आणि दुसऱ्या कोणी उत्तर दिल्याचे कळल्यास त्या फेरीतून माघार घेते. ७२ बिट संपेपर्यंत एकच कार्ड उरते. त्यास क्रमांक दिला जातो आणि उरलेल्यांसाठी नवी फेरी सुरू होते. अशा रीतीने मुक्या बसवर हजेरीची पद्धत बसविण्यात आली.

मात्र मदरबोर्डवरच असलेले सिरीयल, पॅरलल व कीबोर्ड पोर्ट या पद्धतीत येत नव्हते. त्यांच्यासाठी फर्मवेअरनेच साक्ष देणे श्रेयस्कर होते. डिसेंबर १९९६ मध्ये इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी प्रसिद्ध केलेल्या एसीपीआय या मानकाने ही साक्ष सुव्यवस्थित केली. फर्मवेअर मेमरीमध्ये उपकरणांचे एक वर्णन ठेवते. त्यात प्रत्येक उपकरणाचा सांकेतिक क्रमांक असतो. उदाहरणार्थ, पीएनपी०५०१ म्हणजे १६५५०ए सुसंगत सिरीयल पोर्ट, पीएनपी०४०० म्हणजे साधा पॅरलल पोर्ट, पीएनपी०३०३ म्हणजे कीबोर्ड. सोबत ते उपकरण हजर आहे काय, त्याचे पत्ते कोणते, इंटरप्ट-रेषा कोणती, ही माहितीही मिळते. बायोसच्या जुन्या यादीत ज्या दोन गोष्टींची उणीव होती, ती येथे भरून निघाली.

तथापि साक्ष ही साक्षच असते. फर्मवेअर लिहिणाऱ्याने चूक केली असेल, तर ती चूक ऑपरेटिंग सिस्टीमपर्यंत पोहोचते. म्हणूनच लिनक्सचा कीबोर्ड-ड्रायव्हर प्रथम फर्मवेअरला विचारतो. नियंत्रक नाही असे उत्तर आले आणि तरीही तो असण्याची अपेक्षा असेल, तर 'आता पोर्ट थेट तपासत आहे' अशा आशयाचा संदेश लिहून स्वतः शोध घेतो. मात्र असा नियंत्रक नसल्याचे फर्मवेअरने एसीपीआयमधील स्वतंत्र दर्शक बिटाद्वारे स्पष्ट सांगितले असेल, तर तपासणी टाळली जाते. साक्ष आणि परीक्षा यांचा हा समतोल अनेक वर्षांच्या अनुभवातून साधला गेला आहे.

७. नोंदणी : नाव कसे दिले जाते

पोर्ट ओळखला गेला म्हणजे काम संपले असे नाही. त्याची नोंद करणे म्हणजे दोन गोष्टी करणे : त्याच्या पत्त्यांवर हक्क सांगणे आणि कार्यक्रमांसाठी एक नाव उपलब्ध करून देणे.

लिनक्समध्ये ड्रायव्हर कर्नेलकडे पत्त्यांच्या एका पट्ट्याची मागणी करतो. तो पट्टा आधीच दुसऱ्याकडे असेल तर मागणी नाकारली जाते. या हक्कांची यादी 'प्रॉक' या आभासी निर्देशिकेतील 'आयओपोर्ट्स' या संचिकेत पाहता येते. त्यानंतर पोर्टास 'टीटीवायएस०' असे नाव मिळते. लिनक्स मोजणी शून्यापासून करत असल्याने विंडोजमधील कॉम१ येथे टीटीवायएस० असतो.

एकाच पोर्टाची वार्ता दोन मार्गांनी येण्याची शक्यता असते : एकदा ठरीव पत्त्यांच्या अंगभूत यादीतून आणि पुन्हा फर्मवेअरच्या वर्णनातून. अशा वेळी लिनक्स पत्त्यांची तुलना करतो आणि तो तोच पोर्ट असल्याचे आढळल्यास नवे नाव न देता जुनेच कायम ठेवतो. प्रारंभीच्या संदेशांत एकच पोर्ट दोनदा आढळतो, त्याचा उलगडा येथे होतो.

याच्या उलट स्थितीही संभवते. अनेक लिनक्स आवृत्त्यांत ठरावीक संख्येची नावे, कधी चार तर कधी बत्तीस, हार्डवेअर असो वा नसो, आधीच तयार करून ठेवलेली असतात. जुनी कार्डे नंतर हाताने जुळविता यावीत हा त्यामागील हेतू. परंतु अशा रिकाम्या नावाचा उपयोग करू पाहणाऱ्या कार्यक्रमास इनपुट-आउटपुट त्रुटीचा संदेश मिळतो. हजेरीपटावर नाव आहे, बाक मात्र रिकामा आहे. कोणते नाव खरे, हे पाहण्यासाठी त्या पोर्टाचा 'टाइप' तपासावा. शून्य म्हणजे अज्ञात, चार म्हणजे १६५५०ए.

विंडोजमध्ये नोंदणीचे दोन प्रकार लक्षात घेण्याजोगे आहेत. रजिस्ट्रीतील 'सिरीयलकॉम' ही नोंद तात्पुरती असून संगणक सुरू झाल्यावर नव्याने तयार होते. या क्षणी कोणते सिरीयल पोर्ट हजर आहेत हे ती सांगते. दुसरीकडे, कॉम क्रमांक कोणाला दिले आहेत याचा हिशेब कायमस्वरूपी ठेवला जातो. त्यात प्रत्येक क्रमांकास एक बिट असतो. यूएसबीवरून सिरीयल पोर्ट देणारे रूपांतरक वारंवार बदलले असता, जुने रूपांतरक काढून टाकल्यावरही त्यांचे क्रमांक राखलेलेच राहतात. म्हणून नव्या रूपांतरकास कॉम१२ किंवा कॉम१५ असा क्रमांक मिळतो, आणि कॉम१ ते कॉम४ एवढेच जाणणारा जुना कार्यक्रम त्यास शोधू शकत नाही. 'हा क्रमांक वापरात आहे' असे विंडोज म्हणते, तेव्हा तो वापर केवळ कागदोपत्री असू शकतो.

८. आजची स्थिती

हे पोर्ट कालबाह्य झाले, असे वाटण्याच्या काळातच त्यांना नवे आयुष्य मिळाले आहे. आभासी संगणक निर्माण करणारे प्रोग्रॅम आपल्या अंतर्गत संगणकास जुना सिरीयल पोर्ट देऊ करतात, कारण ऑपरेटिंग सिस्टीमच्या अगदी सुरुवातीच्या टप्प्यावरही तो चालतो. क्यूईएमयू हा प्रोग्रॅम १६५५०ए चिपचे हुबेहूब अनुकरण करतो. अ‍ॅमेझॉनने २०१८ मध्ये जाहीर केलेल्या फायरक्रॅकर या अत्यंत सुटसुटीत आभासी यंत्रणेतही निवडक उपकरणांत सिरीयल पोर्ट ठेवलेला आहे; शिवाय एक किमान कीबोर्ड नियंत्रक आहे, आणि त्याचा उपयोग केवळ यंत्र बंद करण्यासाठी होतो. ज्या चिपा आता वेगळ्या तुकड्याच्या रूपात क्वचितच दिसतात, त्यांचे वर्तन मात्र सॉफ्टवेअरमध्ये जपले गेले आहे. कर्नेलची तीच तपासणी तेथेही चालते आणि अनुकरणाने तीच अपेक्षित उत्तरे द्यावी लागतात.

९. निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

(१) जुने पोर्ट स्वतःची ओळख सांगत नसल्याने त्यांच्याविषयीचे ऑपरेटिंग सिस्टीमचे ज्ञान नेहमीच अप्रत्यक्ष असते. ते फर्मवेअरच्या साक्षीवर किंवा तपासणीच्या निकालावर आधारलेले असते.

(२) तपासणी ही केवळ पाहणी नसून ती एक कृती आहे. यूपीएस आणि एनई२००० कार्ड यांची उदाहरणे दर्शवितात की, शोधण्याच्या क्रियेनेच शोधलेली वस्तू बिघडू शकते.

(३) फर्मवेअरची साक्ष सुरक्षित असली तरी ती अचूक असेलच असे नाही. म्हणून प्रगल्भ प्रणाली साक्षीस प्राधान्य देते आणि परीक्षेचा मार्ग मर्यादित स्वरूपात खुला ठेवते.

(४) पोर्ट सापडत नसल्यास तीन प्रश्न क्रमाने विचारावेत. फर्मवेअरच्या सेटअपमध्ये पोर्ट चालू आहे काय? ड्रायव्हरने चिप खरोखर ओळखली आहे काय, आणि कोणत्या पत्त्यावर? कार्यक्रम ज्या नावाने पोर्ट मागतो, तेच नाव त्या पोर्टास मिळाले आहे काय? पहिला प्रश्न हार्डवेअरचा, दुसरा नोंदीचा आणि तिसरा नावाचा आहे. केबल बदलण्यापूर्वी किंवा उपकरण दुरुस्तीस पाठविण्यापूर्वी या तीन प्रश्नांची उत्तरे मिळविल्यास वेळ आणि खर्च दोन्ही वाचू शकतात.

जुन्या पोर्टांचा अभ्यास हा केवळ इतिहासाचा अभ्यास नाही. जे उत्तर देत नाही ते आहे की नाही हे कसे ठरवावे, आणि ते ठरविताना त्यास इजा कशी होऊ देऊ नये, या प्रश्नांची संगणकशास्त्राने शोधलेली उत्तरे त्यात सामावलेली आहेत. संगणकाच्या विद्यार्थ्यांनी प्रारंभीच्या संदेशांची यादी एकदा तरी ओळीने वाचावी. तिच्यातील प्रत्येक पोर्टाच्या ओळीमागे एक प्रश्न, एक परीक्षा आणि एक निर्णय असतो.